शार्त्रचे कॅथेड्रल एका दिवसात पाहता येईल का?

प्रश्न (दादर): मे महिन्यात आईसह पॅरिसला जात असून एक दिवस शार्त्रच्या मध्ययुगीन कॅथेड्रलसाठी राखून ठेवला आहे. तेवढा वेळ पुरेल का?

उत्तर (विलेपार्ले): नक्कीच पुरेल. मोंपार्नास स्थानकावरून तासा-सव्वातासाचा प्रवास आहे, आणि विरार लोकलच्या तुलनेत बसायला जागाही मिळते. ११९४च्या आगीनंतर बहुतांश इमारत नव्याने उभी राहिली. तिच्या उंच खिडक्यांत तेराव्या शतकातील रंगीत काचा आजही मोठ्या प्रमाणावर टिकून असल्यामुळे सोबत दुर्बीण न्यावी आणि शक्यतो ढगाळ दिवस टाळावा.

उत्तर (गिरगाव): दुर्बिणीबाबत सहमत. मात्र सुरुवात पश्चिमेकडील, आगीतून बचावलेल्या बाराव्या शतकातील तीन खिडक्यांपासून करावी. तो निळा रंग छायाचित्रांत उतरत नाही. दोन मनोरे वेगळे का, असे आई विचारतीलच: उत्तरेकडचे शिखर १५०६मध्ये वीज पडून नष्ट झाल्यावर नव्या शैलीत बांधले गेले. जमिनीवरील चक्रव्यूह एरवी खुर्च्यांखाली झाकलेला असतो. उन्हाळ्यात तो सहसा शुक्रवारी मोकळा करतात, तेव्हा तोच वार निवडा.

उत्तर (कुलाबा): निघण्यापूर्वी इथले अफगाण चर्च आईंना दाखवा. ते एकोणिसाव्या शतकातील असले, तरी टोकदार कमानींची ओळख तिथे होईल.