कॉम्प्युटरचे पार्ट शिकवायला कन्सेप्ट मॅप: कामाचा की टाइमपास?

डिचोलीचा_मास्तर:
आठवीला कॉम्प्युटर शिकवतो. यंदा व्याख्या लिहून देणं बंद केलं आणि पोरांना कन्सेप्ट मॅप काढायला लावले, म्हणजे चौकटीत सीपीयू, रॅम, हार्ड डिस्क वगैरे, आणि मधल्या बाणावर कोण काय करतं तो शब्द. सगळी मजा त्या बाणावरच्या शब्दात आहे. एकाने रॅमच्या बाणावर लिहिलं 'डेटा साठवते', हार्ड डिस्कलाही तेच. मग दोन कशाला ठेवल्यात रे? गप्प. म्हटलं, पावसात पेंटमध्ये माटोळी, म्हणजे चतुर्थीला गणपतीवर टांगतात ती फळापानांची चौकट, काढत होतास आणि लाईट गेली तेव्हा काय झालं? "गेली सगळी, सेव्ह नव्हती केली." खोडून लिहिलं, 'लाईट असेपर्यंत धरून ठेवते'. व्याख्या तोंडपाठ होती हो त्याची!

म्हापशाचा_रिपेरर:
सर, राग मानू नका, पण कागदावर कॉम्प्युटर कळत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे अर्धी मशीनं 'पंखा फिरतो पण डिस्प्ले नाही' म्हणून येतात, रॅम काढायची, सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसायच्या, परत बसवायची, बहुतेक वेळा सुरू. हे कुठल्या बाणावर लिहिणार? खाच उलटी धरली की रॅम स्लॉटमध्ये बसतच नाही, हे बोटांनाच कळतं.

फोंड्याची_टीचर:
40 पोरं, 35 मिनिटांचा तास. मी केलंय हे, फळ्यावर एक मॅप काढला, सगळ्यांनी तोच उतरवला, माझ्या स्पेलिंगच्या चुकीसकट 😄 आणि पेपरात येतं काय, तर 'रॅम व रॉममधील फरक लिहा'. माइंड मॅपलाच नवं नाव दिलंय झालं.

डिचोलीचा_मास्तर:
नाही टीचर, माइंड मॅपमध्ये मधे एक विषय आणि त्याला फांद्या, इथे आडवेतिडवे बाणही जातात आणि प्रत्येकावर शब्द लागतो. नवंही नाही, 1972 च्या सुमाराला कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोवाक आणि त्यांच्या टीमने मुलांना विज्ञान कितपत समजलंय ते बघता बघता काढलेली पद्धत आहे. फळ्यावर पूर्ण काढू नका, चौकटी द्या, बाण रिकामे. चौघांत एक कागद, दहाच तपासायचे.

फोंड्याची_टीचर:
एक काढतो, तिघं पेन्सिली तासतात. तेही बघितलंय.

पेडण्याची_आई:
माझ्या मुलीच्या मॅपमध्ये एसएमपीएसकडून (कॅबिनेटमधल्या पार्टना वीज देणारा डबा) मॉनिटरला बाण होता, 'वीज देतो'. तिला टेबलाखाली वाकायला लावलं, आमच्या मॉनिटरची वायर वेगळीच, थेट भिंतीतल्या प्लगला. आपणच बाण खोडला तिने.

म्हापशाचा_रिपेरर:
बघा, शेवटी वायरच बघावी लागली!

डिचोलीचा_मास्तर:
बाण नसता तर वाकलं कोण असतं? बरं ते असो, तुमच्याकडे जळके मदरबोर्ड पडून असतील ना? शुक्रवारी बाजाराला येतोय.

म्हापशाचा_रिपेरर:
तीन आहेत, घेऊन जा. 1 च्या आधी या मात्र, मग 4 पर्यंत शटर खाली.