पाठीकडून बघितलेला बॅटमॅन: शिल्प की महागडी हौस?

शाईचा_डाग (धागाकर्ता):

एका मित्राने संग्रह मोडायला काढला, त्यातून मी एक बॅटमॅन उचलला. 'ब्लॅक अँड व्हाइट' मालिकेतला, माइक मिन्योलाचा. माहीत नसलेल्यांसाठी: बॅटमॅनची कॉमिक्स काढणाऱ्या डीसी कंपनीच्या 'डीसी डायरेक्ट' या मूर्ती-खेळण्यांच्या शाखेने काढलेल्या या मालिकेत दर मूर्तीमागे एक चित्रकार असतो. त्याच्या हातचा बॅटमॅन जसाच्या तसा घडवायचा, आणि रंग फक्त काळा, पांढरा नि मधले करडे. उंची जेमतेम वीतभर. घरून पहिली प्रतिक्रिया: "एवढ्या पैशांत रंगवलेला नाही मिळाला?"

मिन्योलाने १९८९ च्या 'गॉथम बाय गॅसलाइट' या कॉमिकसाठी १८८९ सालातला बॅटमॅन काढला. उभी कॉलर, शिवणीचे टाके दिसणारा पोशाख. त्याच्या चित्रात अर्धा माणूस शाईत बुडालेला असतो, उरलेला आपण मनाने भरून घेतो. आता मूर्तिकाराची गोची बघा. कागदावर काळा डाग टाकला की तिथे काय आहे हे कुणी विचारत नाही. मूर्तीत तिथे काहीतरी असावंच लागतं. शिवाय कागदावरच्या माणसाला पाठ नसते! ती कुणीतरी नव्याने घडवलीय, आणि मला पुढच्या बाजूपेक्षा तीच आवडली. रात्री टेबललॅम्प एका अंगाला सरकवला की केपच्या घड्यांत खरी सावली पडते आणि चित्रातला तो काळा परत येतो.

माझ्या मते हे शिल्प म्हणूनच बघायला हवं. असहमत असाल तर हाणा.

---

खडूस_काका:

हाणतोच. शिल्प म्हणे! रबराच्या साच्यात ओतायचं, घट्ट झालं की कडा घासायच्या, रंग मारायचा, पुढचा घ्यायचा. तळाला क्रमांक टाकला की झाली 'मर्यादित आवृत्ती'. याच मालिकेतल्या काही मूर्तींची पुढे दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा ती मर्यादा कुठे फिरायला गेली होती? चित्र आवडतं ना, मग पुस्तक घ्या. स्वस्तात पडेल आणि धूळ पुसावी लागणार नाही.

---

पेणकर:

काका, साच्याला नावं ठेवू नका, आमचं घर साच्यावर चाललंय.

साचा सगळ्यांना सारखाच. कारागीर कळतो तो आखणीत, म्हणजे डोळे काढताना. एकाच साच्यातून निघालेल्या दोन गणपतींपैकी एक तुमच्याकडे बघतो, दुसरा तुमच्या मागच्या भिंतीकडे. म्हणून आमच्याकडे आखणीला सगळ्यांत सरावलेला हात बसतो आणि त्याच्याशी तेव्हा कुणी बोलत नाही. या बॅटमॅनला तर बुबुळंच नाहीत, नुसत्या पांढऱ्या फटी. पांढरा केसभर खाली उतरला तरी रागीट माणूस झोपाळू दिसणार. धागाकर्ते, भिंग घेऊन बघा आणि सांगा. आणि पोकळ आहे की भरीव?

---

शाईचा_डाग:

हाताला भरीव लागतो, आणि गार. मालिकेतल्या जुन्या मूर्ती कोल्ड-कास्ट पोर्सिलेनच्या, म्हणजे रेझिनमध्ये चिनी मातीची पूड. भट्टी लागत नाही. नखाने टिचकी मारली तर कपबशीसारखा वाजतो.

भिंगाने बघितलं. डाव्या डोळ्याचा पांढरा नाकाच्या बाजूला किंचित ओघळलाय. आता मला दुसरं काही दिसेनासं झालंय. आभारी आहे.

---

तिसरी_खिडकी:

साच्याचं मला काही नाही, मला नावांचं आहे.

बॅटमॅन १९३९ मध्ये 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७ व्या अंकात आला तो चित्रकार बॉब केनच्या एकट्याच्या नावावर. केनच्या पहिल्या आराखड्यात लाल कपडे, डोळ्यांपुरता मुखवटा आणि पाठीला ताठ पंख होते. कानवाला मुखवटा, केप, हातमोजे आणि लालऐवजी करडा रंग, या सूचना लेखक बिल फिंगरच्या. हे केनने स्वतःच पुढे आत्मचरित्रात कबूल केलंय. फिंगर १९७४ मध्ये गेला आणि डीसीने त्याचं नाव अधिकृतपणे लावलं २०१५ मध्ये. धागाकर्ते ज्या घड्यांवर लॅम्प सरकवतायत ती केप ज्याने सुचवली, त्याला ७६ वर्षं उशिरा श्रेय मिळालं. तेही गेल्यावर ४१ वर्षांनी.

आता खोकं काढा. मिन्योलाचं नाव केवढं आहे? पाठ घडवणाऱ्याचं केवढं? आणि पेणकर, ज्याने तो पांढरा ओघळू दिला किंवा उरलेल्या मूर्तींवर ओघळू दिला नाही, त्याचं नाव कुठल्या बाजूला असेल? कौतुक जरूर करा, पण कुणाचं करताय ते बघून करा.

---

शाईचा_डाग:

काढलं खोकं. मिन्योला दर्शनी भागावर, ठळक. मूर्तिकार मागच्या बाजूला, बारीक टायपात, चष्मा लावून वाचावं लागलं. रंगवणाऱ्यांचं नाव नाही. फिंगरचंही नाही, पण हे खोकं २०१५ च्या आधीचं आहे.

मुद्दा मान्य. मात्र त्यावरून मूर्ती बघूच नये असं निघतं का? तुमचा प्रतिसाद वाचल्यावर मी केप जास्त वेळ बघत बसलो.

---

तिसरी_खिडकी:

बघू नये असं मी कुठे म्हटलं? धाग्यात फक्त मिन्योलाचं नाव होतं, तेवढंच खटकलं. मूर्तिकाराचं नाव मूळ पोस्टमध्ये घाला की.

---

सांडशी:

एक व्यवहारी प्रतिसाद. बाहेरून मागवणार असाल तर जपून. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० चं ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. तुमची वस्तू खेळणं की शोभेची, हा वाद इथे घालणं सोपं आहे, कस्टमच्या खिडकीवर घालून बघा. मी मागवलेल्याचा तर एक कान खोक्यातच मोडून आला. विकणाऱ्याने उत्तर दिलं, "फोटोत नीट दिसत नाहीये." दोन घटकांचा इपॉक्सी वापरून चिकटवला. झटपट चिकटणारा गोंद वापरू नका, सांध्याभोवती पांढरट धूर बसतो. काळ्या रंगावर तो जन्मभर दिसतो. आणि खिडकीतल्या उन्हात ठेवू नका, पांढरा पिवळा पडतो.

---

खडूस_काका:

माझं मत बदललेलं नाही. वस्तू साच्यातलीच. पेणकरांचं आखणीचं पटलं, पण त्यांच्याकडे हात कुणाचा हे गल्लीत सगळ्यांना माहीत असतं, इथे खोक्यालाही माहीत नाही.

पण ती पाठ. मूर्तिकाराने मनाने काय भरलं म्हणता, ते एकदा बघायचंय. सगळीकडे या मूर्त्यांचे फोटो समोरूनच काढलेले असतात. मागचा एक टाका. लॅम्प वगैरे नको, साध्या उजेडात.

---

शाईचा_डाग:

उद्या सकाळी टाकतो, काका. आत्ता फोटोसाठी भिंतीकडे तोंड करून उभा केला, तर आई विचारून गेली, त्याने काय केलं म्हणून.