निनवे नगरीचा पाडाव आणि तिच्या ग्रंथालयाचे उरणे

प्रश्न : असिरियाची (आजच्या उत्तर इराकमधील प्राचीन राज्याची) राजधानी निनवे इ.स.पू. ६१२ मध्ये पडली आणि इ.स.पू. ४०१ मध्ये ग्रीक लेखक झेनोफन ग्रीक सैन्यासह तेथून गेला, तेव्हा त्या ओसाड तटबंदीचे खरे नावही त्याच्या कानी आले नाही. सुमारे बारा किलोमीटरचा तट असलेले शहर तीन महिन्यांच्या वेढ्यात कसे पडले? आणि ज्याचे नावच पुसले गेले, त्याचा वारसा आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचला? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : वेढा तीन महिन्यांचा असला, तरी राज्य त्याआधी कित्येक वर्षे खिळखिळे होत आले होते. असिरियाचा राजा असुरबानिपालच्या मृत्यूनंतर गादीसाठी तंटे झाले, इ.स.पू. ६२६ मध्ये नाबोपोलासर बॅबिलोनचा राजा झाला, ६१४ मध्ये मीड लोकांचा (आजच्या इराणमधील) राजा सायक्झारीसने असुर हे पवित्र नगर लुटले आणि मग या दोघांनी तह केला. मला सर्वांत बोलका पुरावा वेशींचा वाटतो. असुरबानिपालचा आजोबा राजा सेनाखेरिब याने ज्या वेशी वैभव दिसावे म्हणून रुंद बांधल्या, त्या शेवटच्या दिवसांत घाईने चिणून अरुंद केल्याचे उत्खननात आढळले आणि हल्झी वेशीच्या वाटेतच पडलेल्या माणसांचे सांगाडे मिळाले. नदीच्या पुराने तट कोसळल्याची ग्रीक कथा मात्र मला ग्राह्य वाटत नाही, कारण बॅबिलोनच्या इतिवृत्ताच्या उपलब्ध मजकुरात पुराचा उल्लेख नाही.

उत्तर २ : आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. असुरबानिपालने राज्यभरातून ग्रंथ मागवून आणि नकलून घेतले होते. राजवाडे जळाले, छपरे कोसळली आणि मातीच्या पाट्या ढिगाऱ्याखाली गाडल्या गेल्या. त्यांतील अनेक आगीत भाजून अधिकच टणक झाल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटिश उत्खननकर्ते लेयार्ड आणि मूळचे निनवेसमोरच्या मोसुल शहराचे होर्मुझ्द रस्साम यांनी निनवेच्या अवशेषांतील कुयुंजिक या टेकाडात त्या शोधल्या आणि आज ब्रिटिश म्युझियममध्ये त्यांचे तीस हजारांहून अधिक तुकडे आहेत. १८७२ मध्ये जॉर्ज स्मिथने त्यांतील एका तुकड्यावर जलप्रलयाची कथा वाचली आणि गिल्गमेश या प्राचीन राजाचे महाकाव्य जगापुढे आले. मात्र आगीने ग्रंथालय राखले, असे सरसकट म्हणणे मला पटत नाही. त्याच संग्रहात मेणाचा थर दिलेल्या लेखनफळ्याही होत्या, हे तेथील नोंदींवरूनच कळते आणि त्या सगळ्या नष्ट झाल्या. आपल्या हाती आले आहे ते केवळ मातीवर लिहिलेले.

उत्तर ३ : नाव पुसले गेले, या विधानात दुरुस्ती हवी. बायबलमधील योना संदेष्ट्याच्या कथेमुळे निनवेचे नाव टिकले. मोसुलसमोरच्या दुसऱ्या टेकाडाला आजही नबी युनूस (योनाचेच अरबी नाव) म्हणतात आणि बाराव्या शतकातील प्रवासी बेंजामिन याने मोसुलपलीकडे निनवे असल्याचे लिहून ठेवले आहे. या वारशावरील संकट केवळ जुन्या काळापुरते नाही. मोसुल ताब्यात असताना इस्लामिक स्टेट या दहशतवादी संघटनेने, आधी पुन्हा बांधून काढलेली निनवेची मश्की वेस पाडली. २०२२ मध्ये तिच्या दुरुस्तीचे काम चालू असताना सेनाखेरिबच्या काळातील शिल्पपट जमिनीखाली सुरक्षित सापडले. असिरियन शिल्पे प्रत्यक्ष पाहायची असतील, तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावे. ती निनवेची नसून तिच्या आधीची राजधानी असलेल्या निमरूदची आहेत, परंतु दगडावरील त्या घडणीची कल्पना तेथे नीट येते.