विषय: रनफ्लॅट की साधे टायर? ३३५डी टूरिंगसाठी सल्ला हवा

प्रेषक: स्वान्सीचे सभासद

सप्रेम नमस्कार,

आपल्या मंडळाच्या ईमेल यादीवर सहसा सभागृहाचे भाडे आणि दिवाळी अंकांची वर्गणी यांचीच चर्चा चालते, त्यामुळे टायरांचा विषय काढताना संकोच वाटतो. परंतु ज्या गाडीतून गेली चार वर्षे मंडळाचे मखर, सतरंज्या आणि दोन ढोल यांची ने-आण होते, तिच्याबद्दलचाच हा प्रश्न असल्याने तो येथे विचारण्याचा थोडासा हक्क मला आहे असे समजतो.

गाडी २०१६ सालची बीएमडब्ल्यू ३३५डी एक्सड्राइव्ह टूरिंग, म्हणजे लांब डिकीची एस्टेट, आहे. तीन लिटरचे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन, ३१३ अश्वशक्ती, चारही चाकांना ओढ (हेच एक्सड्राइव्ह) आणि मागे ४९५ लिटरची डिकी. चाके अठरा इंची असून पुढे २२५/४५ आर १८ आणि मागे २५५/४० आर १८ असे टायर आहेत (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत). कारखान्यातून आले ते रनफ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे, आणि मीही आजवर रनफ्लॅटच घालत आलो. आता मागच्या टायरांची नक्षी ३ मिलिमीटरवर आली आहे. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर असली तरी वेल्समधल्या पावसात तिथवर वाट पाहण्याची माझी तयारी नाही.

हा प्रश्न पडण्याचे कारण असे, की मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी ए ४७० रस्त्यावर ऱ्हायाडरजवळ डावे मागचे चाक खड्ड्यात आपटले आणि टायरची बाजूची भिंत फाटली. रनफ्लॅट असल्यामुळे गाडी थांबली नाही. ताशी ८० किलोमीटरच्या आत राहून मी सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या ब्रेकनपर्यंत आलो. तोवर सगळी दुकाने बंद झाली होती. सोमवारी जे दुकान उघडले त्यांच्याकडे मागच्या मापाचा रनफ्लॅट नव्हता, साधा मात्र होता, आणि रनफ्लॅट बुधवारी आला. एका बाजूला हा टायर मला ब्रेकनपर्यंत घेऊन आला, दुसऱ्या बाजूला त्यानेच मला तिथे तीन दिवस अडकवून ठेवले. त्याशिवाय रोजचे गचके आहेतच.

साध्या टायरांवर जावे का? कोणी गेले असल्यास अनुभव कळवावा, ही विनंती.

प्रेषक: कार्डिफचे काका

स. न. वि. वि.

माझी नोकरी टायरांच्या कारखान्यात नव्हती, पण चाळीस वर्षे यंत्रांत गेली आहेत आणि एस्टेट गाड्यांचे वेड जुने आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टायर भार पेलतो असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात भार पेलते ती आतली हवा. साध्या टायरातील हवा गेली की बाजूची भिंत दुमडते, रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिरडली जाते, काही अंतरातच तापून फाटते आणि टायरची कड रिमच्या खाचेत उतरू शकते. रनफ्लॅटमध्ये भिंतीच्या आत उष्णता सोसणाऱ्या कडक रबराची जाड पट्टी असते, त्यामुळे हवा नसतानाही भिंतच गाडी उचलून धरते. तुमच्या रिमवर ‘ईएच २’ अशी खूण असेल. त्या रिमला कडेच्या आत जादा उंचवटा असतो, जो हवा गेलेल्या टायरची कड जागेवर अडवून ठेवतो. या रिमवर साधा टायर खुशाल बसतो, तेव्हा चाके बदलण्याची गरज नाही. ८० किलोमीटर अंतर आणि ताशी ८० वेग हा जो आकडा सांगतात, तो भार, वेग आणि उष्णता यांवर अवलंबून असतो. मखर, ढोल आणि चार माणसे भरलेल्या गाडीने त्या आकड्यावर विसंबून राहू नये.

आता गचक्यांविषयी. जी भिंत हवेशिवाय गाडी पेलू शकते, ती हवा असतानाही सहजासहजी वाकत नाही. बारीकसारीक खड्ड्यांचे आघात साधा टायर स्वतः वाकून जिरवतो. रनफ्लॅट तेच आघात रिमकडे आणि पुढे सस्पेन्शनकडे ढकलतो. २००५ साली आलेल्या बीएमडब्ल्यूच्या तीन मालिकेच्या पिढीत हा त्रास फार होता. तुमच्या गाडीच्या पिढीपर्यंत टायरही सुधारले आणि स्प्रिंगांची जुळणीही, पण फरक पुसला गेलेला नाही. शिवाय रनफ्लॅट जड असतो, आणि चाकाचे वजन स्प्रिंगच्या खाली असल्यामुळे तिथला प्रत्येक जादा किलो चाकाला खडबडीत रस्त्याला चिकटून राहू देत नाही. वेगवान गाडीत हे केवळ आरामापुरते नाही, वळणावरच्या पकडीचा प्रश्न आहे.

ज्यांना गाडी चालवण्याचीच पडलेली आहे त्यांनी काय केले ते पाहा. बीएमडब्ल्यूच्या गाड्या सुधारून विकणाऱ्या आल्पिनाची, तुमच्याच गाडीवर बेतलेली डी३ टूरिंग ३५० अश्वशक्तीची होती, आणि तिला साधेच टायर होते. २०२२ मध्ये पहिल्यांदा आलेली बीएमडब्ल्यूची वेगवान एम३ टूरिंगही रनफ्लॅटवर येत नाही. माझ्या मते हा पुरावा पुरेसा बोलका आहे.

मात्र बदलताना काही गोष्टींत हयगय करू नका. एका आसावर एक रनफ्लॅट आणि एक साधा असे कधीही घालू नये. खरे तर चारही एकाच प्रकारचे असावेत. एस्टेट गाडीत भारांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, पाहणे फार महत्त्वाचे आहे, कारण अनेकजण केवळ माप जुळवतात आणि कमी भाराचा टायर घेऊन येतात. पुढच्या मापात ९५ म्हणजे एका टायरला ६९० किलो आणि मागच्या मापात ९९ म्हणजे ७७५ किलो, यांपेक्षा खाली जाऊ नये. वेगाचे अक्षर वाय असावे, म्हणजे ताशी ३००. व्ही म्हणजे २४०, आणि तुमची गाडी कागदोपत्री २५० पर्यंत जाते.

एक्सड्राइव्हमुळे आणखी एक पथ्य आहे. तुमच्या पुढच्या टायरचा व्यास हिशेबाने सुमारे ६६० मिलिमीटर येतो आणि मागच्याचा ६६१. रुंदी वेगळी असली तरी उंची मुद्दाम जुळवलेली आहे. पुढे ३ मिलिमीटर नक्षी उरलेली आणि मागे ८ मिलिमीटरची कोरी नक्षी, असे केल्यास व्यासात १० मिलिमीटरचा फरक पडतो, आणि तो दोन आसांमध्ये ओढ वाटणाऱ्या ट्रान्सफर केसला सतत सोसावा लागतो. म्हणून दोनच टायर घेऊन काटकसर करण्याचा मोह टाळावा, कारण ती पेटी टायरांपेक्षा पुष्कळ महाग आहे. बदलल्यानंतर विमा कंपनीला लेखी कळवावे; काही कंपन्या याला गाडीतील फेरफार मानतात.

उरला पंक्चरचा प्रश्न. डब्यातला चिकट द्राव फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागातील खिळ्याच्या भोकावर चालतो. तुमच्यासारखी भिंत फाटली तर त्याचा काहीही उपयोग नाही, आणि तो डबा काही वर्षांनी बादही होतो. आतून चिकट थर दिलेले, स्वतःच भोक बुजवणारे टायरही मिळतात. कॉन्टिनेन्टलच्या कॉन्टिसीलमध्ये ५ मिलिमीटरपर्यंतचे भोक बुजते, पण भिंतीचे दुखणे तिथेही कायम राहते. म्हणून साधे चांगले टायर घ्यावेत आणि डिकीत तात्पुरती बारीक स्टेपनी, जॅक आणि पान्हा ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. स्टेपनीचे रिम तुमच्या ब्रेकवर बसते का आणि तिचा व्यास जुळतो का, हे मात्र घेण्यापूर्वी तपासा.

प्रेषक: रेडिंगची डॉक्टर

सप्रेम नमस्कार,

काकांच्या पत्रातील यंत्रशास्त्राला मी आव्हान देणार नाही, परंतु त्यांनी टायरचा पुष्कळ विचार केला आणि टायर फुटतो त्या जागेचा जवळजवळ केलाच नाही, असे मला नम्रपणे वाटते.

माझीही एस्टेटच आहे, एकोणीस इंची चाकांची, आणि मी रनफ्लॅट सोडणार नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी रात्री दीड वाजता रुग्णालयाकडे जाताना एम ४ मोटरवेवर, रेडिंग ते लंडन या टप्प्यात, मागच्या उजव्या चाकाचा दाब कमी झाल्याचा इशारा आला. या टप्प्यात जंक्शन ३ ते १२ दरम्यान हार्ड शोल्डर, म्हणजे बंद पडलेल्या गाडीसाठीची कडेची मार्गिका, उरलेलाच नाही. तिथे चौथी वाहती मार्गिका केली आहे आणि अधूनमधून थांबण्याचे कप्पे ठेवले आहेत. सरकारने २०२३ च्या एप्रिलमध्ये असे नवे मोटरवे करणे रद्द केले, पण झालेले आहेत तसेच आहेत. साधा टायर असता तर पुढचा कप्पा येईपर्यंत, मागून लॉऱ्या येत असताना, मी चिंधी झालेल्या चाकावर सरपटत राहिले असते. रनफ्लॅट असल्यामुळे वेग ८० पर्यंत कमी केला, डावीकडची मार्गिका धरली, पुढच्या जंक्शनला बाहेर पडले आणि रुग्णालयाच्या उजेडातल्या वाहनतळावर गाडी लावून कामाला गेले. टायर दुसऱ्या दिवशी बदलला.

काकांच्या स्टेपनीबद्दल एवढेच सांगते, की मोटरवेवर तिचा उपयोग करायचाच नसतो. हायवे कोडचा सल्ला असा आहे, की डाव्या दाराने उतरावे, कठड्यापलीकडे उभे राहावे आणि किरकोळ दुरुस्तीही स्वतः करू नये. म्हणजे स्टेपनी, जॅक, पान्हा हे सारे डिकीत असूनही मदतीच्या गाडीची वाट पाहावीच लागते. आणि हिवाळ्यातल्या मध्यरात्री एकट्या बाईने कठड्यापलीकडे तासभर उभे राहणे म्हणजे काय, याचा हिशेब कोणत्याही भारांकात येत नाही.

गचक्यांचा सगळा दोषही रनफ्लॅटच्या माथी मारू नये. माझ्या मागच्या २५५/३५ टायरची भिंत ८९ मिलिमीटर उंच आहे, स्वान्सीच्या गाडीची १०२. शोरूममध्ये देखणी म्हणून मोठी रिम घ्यायची आणि मग टायर कडक लागतो म्हणून तक्रार करायची, हे आम्ही सगळेच करतो. मीही केले आहे.

प्रेषक: स्वान्सीचे सभासद

सप्रेम नमस्कार,

दोन्ही पत्रे घरी मोठ्याने वाचली. डॉक्टरांचे म्हणणे वाचून मी आधी मनाशी ठरवलेले सोडून दिले, मग गाडीची वही काढून गेल्या वर्षभराचे प्रवास पाहिले, आणि पुन्हा काकांकडे आलो. लंडनला मी आता रेल्वेने जातो. गाडी धावते ती ए ४७०, ए ४८३ आणि ए ४० या रस्त्यांवर, जिथे खड्डा चुकवताना टायरची भिंत फाटते आणि ८० किलोमीटरच्या आत दुकान लागले तरी त्यात २५५/४० रनफ्लॅट असेलच असे नाही. मोटरवेवर रोज रात्री जाणे असते, तर मी मुकाट्याने रनफ्लॅट घेतले असते.

तेव्हा चार साधे टायर, काकांनी सांगितलेल्या भारांकाचे, आणि एक बारीक स्टेपनी असे ठरले आहे. दुकानदाराने ब्रेकवर बसवून पाहिल्याशिवाय पैसे घेणार नाही असे सांगितले, हे मला आवडले. विमा कंपनीला पत्र गेले आहे. मदतसेवेचे सभासदत्व चालूच ठेवतो, कारण गाडी कधी ना कधी एम ४ वर जाणारच.

सौ.ने मात्र एक प्रश्न विचारला, जो आपल्यापैकी कोणाच्याही लक्षात आला नव्हता. एस्टेट गाडीची स्टेपनी डिकीच्या तळाखाली ठेवली, आणि वर मखर, सतरंज्या व ढोल भरले, तर पावसात पंक्चर झाल्यावर गणपतीचे मखर रस्त्याच्या कडेला कोण मांडून ठेवणार? त्यामुळे उत्सवाच्या दिवसांत स्टेपनी सर्वांत शेवटी, मागच्या दाराला लागून, पट्ट्याने बांधून ठेवायची असे ठरले आहे. दोनपैकी एक ढोल दुसऱ्या गाडीतून न्यावा लागेल. कोणाकडे जागा असल्यास कळवावे.

आपण जिला मराठीत सर्रास स्टेपनी म्हणतो, तिचे नाव माझ्या घरापासून वीसेक किलोमीटरवरच्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून आले आहे. डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास ती तिथे बनवली. ती मूळची स्टेपनी चाक काढून त्याच्या जागी बसवायची नव्हती. आरे नसलेली, टायर चढवलेली रिम होती, जी पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून चिमट्यांनी आवळायची आणि तशीच गाडी घरी न्यायची. म्हणजे डॉक्टर ज्याची बाजू मांडत आहेत, तेच काम ती करत होती. काकांनी यावर रागावू नये.

टायर येत्या शनिवारी सकाळी बसतील. काका, उत्सवाच्या बैठकीला येताना आपला टॉर्क पान्हा आणलात तर स्टेपनी एकदा दारातच चढवून-उतरवून पाहू.