मदत हवी आहे : स्लाइडवर परजीवी दिसतो, पीसीआरमध्ये पट्टा नाही

नमस्कार मंडळी. मी खानापूरची, एमएस्सीचा प्रकल्प करतेय. मामांच्या पाळीव कबुतरांतला हिमोप्रोटिअस शोधायचा आहे. हा मलेरियाच्या परजीवीचा चुलतभाऊ, पण डासातून नाही, कबुतराच्या पिसांत लपणाऱ्या चपट्या माशीतून पसरतो. (मामा म्हणाले, "काय गे, कबुतराला पण मलेरिया?" मग त्यांना रोनाल्ड रॉसची गोष्ट सांगितली. 1898 साली डासातून मलेरिया कसा पसरतो हे त्याने पक्ष्यांवरच दाखवलं!)

जनावरांच्या डॉक्टरांनी पंखाच्या शिरेतून थेंबभर रक्त काढून दिलं. जिम्सा हा रंग लावल्यावर तांबड्या पेशीत केंद्रकाला बिलगलेले, केळ्यासारखे वाकलेले परजीवी स्वच्छ दिसले. पण परजीवीच्या सायटोक्रोम बी जनुकाचा नेस्टेड पीसीआर (डीएनएच्या प्रती दोन फेऱ्यांत वाढवणारी चाचणी) केला तर सहापैकी चार नमुन्यांत पट्टाच नाही, म्हणजे परजीवीचा डीएनए दिसलाच नाही. उरलेल्या दोघांच्या सिक्वेन्समध्ये मध्येमध्ये दुहेरी शिखरं, म्हणजे एकाच जागी दोन अक्षरं.

माझा संशय हेपॅरिनवर, म्हणजे रक्त गोठू नये म्हणून नळीत असतं त्या औषधावर. डॉक्टरांकडे त्याच नळ्या होत्या, आणि हेपॅरिन पीसीआर अडवतं हे मला उशिरा कळलं. हेपॅरिनेज (हेपॅरिन तोडणारं एन्झाइम) वापरून नमुने वाचवलेत का कुणी? की सरळ अल्कोहोलमध्ये नव्याने रक्त घेऊ? मामा परत हात लावू देतील असं वाटत नाही.

दुहेरी शिखरं म्हणजे दोन वंशांचा मिश्र संसर्ग धरावा का? मी वापरलेले प्रायमर (जनुकाला चिकटून पीसीआर सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे) प्लाझ्मोडिअम, म्हणजे खुद्द मलेरियाचा परजीवीही उचलतात. दोन्ही वंश वेगळे करून बघायला क्लोनिंग लागेल, त्याला पैसे नाहीत. बेळगाव, धारवाड, कोल्हापूरकडच्या कुणी हे काम केलं असेल तर कृपया सांगा.