खानावळीला परमिट रूमचं लायसन मिळेल का?

दापोलीजवळ आमची छोटी खानावळ आहे, सुरमई थाळीला गर्दी असते पण निम्मी गिऱ्हाइकं विचारतात बिअर आहे का, आणि काही तर पेपरात गुंडाळलेली बाटली टेबलाखाली ठेवूनच बसतात. लायसन कसं काढायचं, कोणी सांगेल का?

— दादा, आधी ते टेबलाखालचं बंद करा, कलम ६८ खाली दारूचा गुत्ता चालवताय म्हणून केस तुमच्यावर, गिऱ्हाईक जाईल मुंबईला. अर्ज राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे करायचा. परमिट रूमला एफएल ३ (फॉरेन लिकर) लायसन लागतं, नुसती बिअर-वाईन विकायची तर फॉर्म ई लायसन, फी बरीच कमी.

— आणि आधी रस्ता बघा! नॅशनल किंवा स्टेट हायवे असेल तर सुप्रीम कोर्टाच्या नियमाने त्यापासून ५०० मीटर लांब हवं, वस्ती २०,०००पर्यंत असेल तर २२० मीटर. शाळा-देवळापासूनचं अंतर वेगळं. आमचं देवळापाशीच अडलं, टेप लावून मोजलं हो त्यांनी, अंगणातल्या तुळशीपर्यंत!!

— मिळालं तरी बिअर २१ आणि कडक दारू २५ वर्षांखालच्याला नाही, कॉलेजची पोरं आली की वय विचारा. आणि दरवर्षी ३१ मार्चच्या आत रिन्यूअल.

— धन्यवाद मंडळी, उद्याच टेप आणतो 😅