चावीची घड्याळं: अनुभव लिहा (लंबकवाली, टोलेवाली, सगळी)

रावपुरेकर: चिमणाबाई टॉवरखालून (१८९६ चा) जाताना परत मनात आलं, बडोद्यात अजून किती घरांत चावीची घड्याळं भिंतीवर आहेत, पण बंद! पुष्कळदा मशीन ठीक असतं, फक्त टिक आणि टॉकमधलं अंतर सारखं नसतं, म्हणून लंबक दमून थांबतो. हे कानाने जुळवायचं. केसचा खालचा भाग जरासा डावीउजवीकडे सरकवा, ठोका सारखा आला की भिंतीवर पेन्सिलची खूण करा. केस वाकडी दिसत असेल तर ती सरळ करून लंबकाला ढकलणारी आतली तार किंचित वाकवा. तुमचे उपाय येऊ द्या.

वाडीवाली: तेल!! खोबरेल अजिबात नको. २४ अंशांच्या आसपास गोठतं, जानेवारीत सकाळी घड्याळ बंदच. शिलाई मशीनचंही नको, पसरून जातं. घड्याळाचंच तेल, सुईच्या टोकावर राहील एवढं, तेही आसाचं टोक पितळी पट्टीच्या भोकात फिरतं तिथेच. चाकांच्या दात्यांना नाही. तेलात धूळ बसली की तीच पॉलिश पेपरसारखी दाते खाते.

कारेलीबाग_काका: उन्हाळ्यात मागे पडतं म्हणून दुकानात पळू नका. लंबकाची पोलादी दांडी तापून लांबते, एका अंशाला दिवसाचा साधारण अर्धा सेकंद. घरात २० अंशांचा फरक पडला तर रोज १० सेकंद गेले. पितळी दांडीचं याहून जास्त, लाकडीचं बरंच कमी. खालचा नट वर घेतला की घड्याळ पुढे, खाली सोडला की मागे. एक फेरा द्या आणि २४ तास हात लावू नका. हे कोणालाच जमत नाही 😄

टोलेबाज: ५ वाजता ४ टोले पडतात? मिनिट काटा उलटा फिरवू नका. खाचांच्या चाकाचं मशीन (टोले मोजणाऱ्या चाकाच्या कडेला खाचा) असेल तर आत एक तार लोंबते. ती उचलून सोडली की पुढचे टोले पडतात, जुळेपर्यंत तेच.

मांजलपूर७८: १२ तासांत ७८ टोले, अर्ध्याचे धरून ९०, दिवसाला १८०. झोपायचं कधी? बहुतेक घड्याळांत डावं भोक टोल्यांचं, तिथली चावीच देऊ नका.

टोलेबाज: @मांजलपूर७८ थांबा, खाचांच्या चाकाला चालेल. टोले दातेरी पट्टीने मोजणारं असेल तर टोल्यांची स्प्रिंग उतरल्यावर १२ आणि १ च्या मध्ये अडकून अख्खं घड्याळ थांबू शकतं.

मांजलपूर७८: मग कापूस. कानात.

वाडीवाली: 😂😂 कुकरची शिट्टी, आले

रावपुरेकर: मशीन उघडणाऱ्यांनी आधी स्प्रिंग उतरवा. चावी घट्ट धरा, स्प्रिंगला उलटं फिरू न देणारा खटका उचला, अर्धा फेरा सोडा, खटका परत बसवा, पूर्ण सैल होईपर्यंत. भरलेली स्प्रिंग सुटली तर बोटं फुटतात, दातेही तुटतात. आणि घड्याळ हलवताना लंबक काढून ठेवा. तो ज्याला टांगलेला असतो तो पातळ पोलादी पट्टा एकदा मुडपला की लंबक गिरक्या घेतो. पट्टा बदलायचाच, सरळ करत बसू नका.

अलकापुरी_ताई: केस स्पिरिटने पुसू का?

वाडीवाली: नको गं! चपड्याचं (म्हणजे लाखेचं) पॉलिश असेल तर स्पिरिटमध्ये विरघळतं. कोरडं सुती फडकं बास.

अलकापुरी_ताई: बरं. संखेड्याचा झोपाळा पण असाच पुसायचा का?

कारेलीबाग_काका: त्यावर लाखेचंच काम असतं, तिथेही स्पिरिट नको. रविवारी संखेड्याला जातोय, गाडीत दोन जागा आहेत. निघायच्या आधी शेव-उसळ.

टोलेबाज: एक जागा माझी, तिखट वेगळं घेणार